फॉर्म भरून देऊ नका, शेजारी बसा

जुलै-ऑगस्ट म्हणजे प्रवेशाचे आणि धावपळीचे दिवस. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांमध्ये आपल्या विद्यार्थी संघटनेचं मदतीचं टेबल पुन्हा लागलं आहे, आणि यंदा त्यामागे बसायला वीसेक नवे स्वयंसेवक आले आहेत. त्यांत नांदेडहून फार्मसीला आलेली मुलगी आहे, भिवंडीचा बी.कॉम.चा मुलगा आहे, मालेगावच्या उर्दू शाळेतून आलेले दोघं आहेत, आणि तिघं मुसलमान नसलेले आहेत. बाकावरच्या मित्राबरोबर सहज आले आणि थांबले. हे संपादकीय मुख्यतः या सगळ्यांसाठी. बाकीच्यांनीही वाचावं, कारण पुढच्या वर्षी तुम्हीही याच टेबलामागे असावं अशी माझी इच्छा आहे.

स्वयंसेवकांच्या स्वागताच्या कार्यक्रमात काय बोललं जातं ते आपल्याला पाठ आहे. तालीम, समाज, जबाबदारी, मग गुलाबाचं फूल आणि ग्रुप फोटो. फोटोला माझी हरकत नाही, घरी अम्मीला पाठवायला बरा असतो. पण त्या भाषणांमध्ये टेबलावर बसून नेमकं करायचं काय, हे सहसा राहून जातं. ते सांगायला मी ही जागा वापरतो आहे.

पहिला नियम असा की कुणाचाही फॉर्म भरून द्यायचा नाही.

ऐकायला विचित्र वाटेल, कारण लोक त्याचसाठी येतात. मुलगा येतो. हातात प्लॅस्टिकची फाइल, तिच्यात सगळ्या कागदांच्या झेरॉक्स, एका पाकिटात पासपोर्ट फोटो. ‘भैया, महाडीबीटी का फॉर्म भर देते क्या?’ तुमची बोटं सराईत. तुम्ही तो फॉर्म वीस मिनिटांत भराल. तो स्वतः भरायला बसला तर दोन तास जातील आणि प्रत्येक रकान्यावर तो तुमच्याकडे बघेल. मागे रांग लागलेली. अशा वेळी लॅपटॉप आपल्याकडे ओढून घ्यावासा वाटतो. ओढू नका. खुर्ची त्याच्या शेजारी सरकवा आणि बोट फक्त पडद्याकडे दाखवा.

कारण पुढे काय होतं ते बघा. घाईत खातं उघडताना मोबाइल नंबर स्वयंसेवकाचा टाकला जातो, मुलाचं रिचार्ज संपलेलं असतं म्हणून. पासवर्डही स्वयंसेवकच ठरवतो आणि तो त्याच्याच वहीत राहतो. शिष्यवृत्तीचा अर्ज तर दरवर्षी नूतनीकरणासाठी पुन्हा करावा लागतो. पुढच्या जुलैत तो स्वयंसेवक बेंगळुरूला नोकरीला लागलेला असतो, नंबर बदललेला असतो, आणि ओटीपी कुठे जातोय हे कुणालाच कळत नाही. तोवर मुदत जवळ आलेली. मुलाला आपण मागच्या वर्षी कोणत्या योजनेत अर्ज केला होता हेसुद्धा सांगता येत नाही, कारण त्याने तो केलेलाच नव्हता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक टीममध्ये एक असा माणूस असतो, ज्याच्याशिवाय जुनी सिस्टिम हलत नाही. सगळे त्याला मान देतात आणि तो सुट्टीवर गेला की सगळ्यांची झोप उडते. शहाणा मॅनेजर त्याची नुसती तारीफ करत नाही, त्याच्या शेजारी दुसरा माणूस बसवतो. समाजकार्यातही असे ‘त्यांच्याशिवाय काम होत नाही’ असे भाई आपल्याला माहीत आहेत. त्यांची खिदमत खरी असते, पण वीस वर्षांनीही मोहल्ल्यात दुसऱ्या कुणाला तहसीलचा जिना ठाऊक नसतो. सायबर कॅफेवालाही पैसे घेऊन फॉर्म भरून देतो, त्याचं पोट आहे, त्यात वावगं काही नाही. संघटनेने मात्र फुकटातला सायबर कॅफे व्हायचं कारण नाही.

मी इंजिनिअरिंगला आलो तेव्हा बराच कारभार कागदी होता. वसतिगृहातल्या एका सीनियरने मला तहसीलदारांच्या नावाचा अर्ज तीन वेळा लिहायला लावला. ‘महोदय’च्या खाली विषय, विषयाखाली संदर्भ, आणि मागणी पहिल्या दोन वाक्यांतच. मला तेव्हा त्याचा राग आला होता. आज ऑफिसातले ईमेलही मी त्याच पद्धतीने लिहितो.

आता कागदांकडे वळतो. टेबलावर येणाऱ्या बहुतेक अडचणी बुद्धीच्या नसतात, कागदाच्या असतात, आणि कागद कुठे अडतो हे ज्याला माहीत तो अर्धं काम करून ठेवतो.

सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण नावाची. शेख हे आडनाव इंग्रजीत किती प्रकारे लिहिलं जातं ते मोजून बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं, वडिलांच्या रेशनकार्डावर तिसरं. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे नुसतं ‘मोहद’, कुठे दोन अक्षरं आणि टिंब. मुलींच्या नावापुढचं बी, बेगम, खातून कधी असतं, कधी गळतं. माणसाला हे सगळं एकच वाटतं, संगणकाला ही चार वेगळी माणसं वाटतात. म्हणून टेबलावर पहिली दहा मिनिटं फक्त सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून स्पेलिंग ताडून बघायचं. आधार दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे करून घेणं बहुतेक वेळा सोपं पडतं. ते जमत नसेल तर राजपत्रातल्या नावबदलाचा रस्ता आहे. पण हे प्रवेशाच्या आधी, मे महिन्यात करायचं काम आहे. ऑगस्टमध्ये कळलं तर फार उशीर झालेला असतो.

दुसरी अडचण बँकेची. ‘शिष्यवृत्ती मंजूर दिसते, पैसे आले नाहीत’ अशी तक्रार घेऊन जो येतो त्याला पहिला प्रश्न विचारा की आधार कोणत्या खात्याला जोडलेलं आहे. तो म्हणेल, माझ्या खात्याला, बँकेत झेरॉक्स दिली आहे. झेरॉक्स देणं आणि सरकारी रक्कम जमा होण्यासाठी आधार त्या खात्याशी नोंदलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका वेळी एकाच खात्याची अशी नोंद असते आणि जी शेवटची तीच चालते. कुणाचे पैसे गावाकडच्या जनधन खात्यात पडलेले असतात, ज्याचं पासबुक आजीच्या पेटीत आहे. कुणी मध्येच मोबाइलवरून नव्या बँकेचं खातं उघडलेलं असतं आणि नोंद तिकडे गेलेली असते. ही नोंद आधारच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत बघता येते. ती मुलालाच बघायला लावा.

आणि आता खरी जड गोष्ट, जातीचा दाखला.

आपल्या घरांत हा विषय काढला की वडीलधारे म्हणतात, ‘बेटा, अपने में जात-पात नहीं होती.’ श्रद्धेच्या पातळीवर ते बरोबर आहे आणि त्याचा अभिमानही असावा. पण महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन यांच्यासारखे अनेक व्यवसायांवरून ओळखले जाणारे समूह आहेत, आणि त्यांतली मुसलमान कुटुंबं धर्मामुळे नाही तर त्या समूहाच्या मागासलेपणामुळे या सवलतीला पात्र आहेत. हा हक्क मिळवायला 1990 च्या दशकात महाराष्ट्रातल्या मुस्लिम ओबीसी चळवळीने मोठी धडपड केली. आज तो कागदावर आहे. तो मुलाच्या फाइलमध्ये नाही, हा प्रश्न आहे.

अडतं कुठे? इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 ही तारीख मानली जाते. त्या दिवशी किंवा त्याआधी कुटुंब महाराष्ट्रात कुठे राहत होतं आणि त्यांची जात काय नोंदली होती, याचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे बहुतेकांना आजोबांचा किंवा पणजोबांचा कागद लागतो. आजोबा शाळेत गेले असतील तर दाखल्यावर जातीच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असतो, ‘मुसलमान’. मास्तरांनी विचारलं नाही, घरच्यांनी सांगितलं नाही. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर तेवढाही कागद नाही.

इथे हात टेकून मुलाला परत पाठवायचं नाही. शाळेच्या दाखल्याखेरीजही कागद असतात. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा, कारण दाखल्यावर न उतरलेलं रजिस्टरात कधी कधी सापडतं. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे गाव नमुना 14, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. जुनी खरेदीखतं असतात, त्यांत ‘अमुक वल्द तमुक, धंदा पिंजारी’ असं लिहिलेलं सापडतं. आणि वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यात कुणाकडे आधीच जात वैधता प्रमाणपत्र असेल तर ती सगळ्यात मोठी मदत. म्हणून मुलाला वंशावळ काढायला सांगा. चुलत आजोबा कोण, त्यांची मुलं कुठे, कोण जिल्हा परिषदेत नोकरीला होतं. अर्ध्या वेळा असा कुणी चुलत चाचा निघतो ज्याच्याकडे प्रमाणपत्र पडून आहे आणि ज्याच्याशी जमिनीवरून बोलणं बंद आहे. ते बोलणं सुरू करून देणं आपल्या कामात बसत नाही, पण मुलाला गावी फोन लावायला सांगणं बसतं.

ज्यांचा समूह ओबीसी यादीत नाही, त्यांना वाटतं की आपल्यासाठी काहीच नाही. तसं नाही. 2019 च्या 103 व्या घटनादुरुस्तीनंतर आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी दहा टक्के जागा आहेत आणि त्यात धर्माची अट नाही. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेला खुल्या प्रवर्गातला सय्यद किंवा खान तिथे अर्ज करू शकतो. फक्त केंद्राच्या प्रवेशासाठीचा नमुना वेगळा आणि राज्याचा वेगळा, हे मुलाला आधी सांगा. चुकीचा नमुना घेऊन आलेल्या मुलाला पुन्हा तालुक्याला जावं लागतं आणि तिकडे एका फेरीत त्याच्या वडिलांची एक दिवसाची मजुरी जाते.

मुलींच्या बाबतीत हे आणखी निकडीचं आहे. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण रक्कम सरकार भरतं. पूर्ण. ज्या घरात भावाच्या फीनंतर उरलेल्या पैशांत बहिणीचं काय करायचं याचा हिशोब चालतो, तिथे हा एक कागद तो हिशोब बदलू शकतो. कागद नसेल तर ती बी.फार्म.ऐवजी घरी बसते आणि कुणी म्हणतसुद्धा नाही की तिचं शिक्षण थांबवलं. ते आपोआप थांबतं.

मराठवाड्यातून आलेल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. 1948 पर्यंत तो भाग हैदराबाद संस्थानात होता आणि तिथले महसुली व शाळांचे अनेक जुने कागद उर्दूत आहेत, कित्येक शिकस्ता वळणाच्या घाईच्या अक्षरात. उरलेल्या महाराष्ट्रात तसेच जुने कागद मोडीत आहेत. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा निजामकालीन उर्दू कागद वाचणाऱ्यांची गरज सगळ्या राज्याला कळली. आपल्या टेबलावरच्या उर्दू शाळेतल्या मुलाला आजवर सांगितलं गेलं की उर्दूचा काही उपयोग नाही, इंग्रजी शीक. इंग्रजी शिकावीच. पण बीडचा एखादा मराठा मित्र पणजोबांचा कागद घेऊन आला तर तो वाचायला सुरुवात करू शकणारा माणूस हाच आहे. आणि साताऱ्याकडच्या तांबोळी मुलाचा मोडी कागद लावून द्यायला मोडी शिकलेला एखादा कुलकर्णी किंवा जाधव लागेल. धार्मिक सलोख्यावर आपण पुष्कळ परिसंवाद घेतले. मला या दोन कागदांमध्ये जास्त दम दिसतो.

म्हणूनच आपलं टेबल कुणासाठी आहे हा प्रश्न नव्या स्वयंसेवकांना पडू नये. जो रांगेत आहे त्याच्यासाठी आहे. समोरचा नमाज पढतो का, मुलीच्या डोक्यावर ओढणी आहे का, कुणाचं घर कुठल्या मसलकचं, कुणाचे वालिद कुठल्या पक्षात, हे टेबल विचारत नाही. विचारणारा स्वयंसेवक आढळला तर त्याला दुसरं काम द्यावं लागेल.

हे काम नवीन नाही, हेही माहीत असावं. अलिगढच्या मोहम्मेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात 1890 मध्ये विद्यार्थ्यांनीच अंजुमन-अल-फर्ज, म्हणजे ड्यूटी सोसायटी, सुरू केली. साहिबजादा आफताब अहमद खान त्यात पुढे होते. ते पुढे अलिगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सुट्टीत घरी जाताना ही मुलं गरीब सहाध्यायांच्या फीसाठी गावोगाव वर्गणी मागायची. खानदानी घरांतली मुलं, ज्यांना मागायची सवय नव्हती. आपल्याकडे कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पुढाकाराने 1906 मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली आणि मुस्लिम बोर्डिंगमध्ये खेड्यातल्या मुलांना राहायची सोय झाली. महाराज स्वतः त्या सोसायटीचे अध्यक्ष होते. त्या काळी प्रश्न होता पैसे आणि छप्पर. आजही तेच दोन आहेत, फक्त पैशांच्या आधी पोर्टल आलं.

छपराचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर आपल्याकडे जादूची कांडी नाही. वसतिगृहात जागा मिळाली नाही की मूल खोली शोधायला निघतं आणि फोनवर सगळं ठरल्यावर नाव सांगितलं की खोली ‘आत्ताच गेलेली’ असते. हे ऐकून तुमचं रक्त उसळेल. मुलासमोर मात्र आधी खोलीचा प्रश्न सोडवा, चर्चा नंतर. सीनियरांनी सोडलेल्या खोल्यांची, नाव विचारून दार न लावणाऱ्या घरमालकांची वही दरवर्षी पुढच्यांकडे द्यायची आहे. अशी घरं आहेत, आणि त्यांत सगळ्या धर्मांचे लोक आहेत. ज्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव आहे, त्या सावित्रीबाईंना आणि ज्योतिरावांना घर सोडावं लागलं तेव्हा याच पुण्यात उस्मान शेख यांनी त्यांना जागा दिली. 1856 साली सावित्रीबाईंनी नायगावहून ज्योतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख येतो. हा इतिहास घरमालकाला सुनावून खोली मिळत नाही, करून बघू नका. पण तो तुम्हाला माहीत असावा.

काही जुने सहकारी मला विचारतात की हे सगळं सरकारचं काम आहे, आपण त्यांचे बिनपगारी कारकून का व्हायचं? त्यापेक्षा मोर्चा काढा. प्रश्न खरा आहे. 2022 मध्ये अल्पसंख्याकांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी बंद झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संशोधन करणाऱ्यांसाठीची, 2009 पासूनची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद केल्याचं संसदेत सांगण्यात आलं. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात 2020-21 साली मुस्लिम विद्यार्थी सुमारे 19.21 लाख होते, आदल्या वर्षीच्या सुमारे 21 लाखांवरून खाली आलेले. एकूण विद्यार्थ्यांत त्यांचा वाटा 4.6 टक्के, तर 2011 च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येतला वाटा 14.2 टक्के. ही दरी टेबल लावून भरत नाही, मान्य.

पण मोर्चात हातात काय घेऊन जाणार? ‘आमच्यावर अन्याय होतो’ या फलकाला कार्यालयात कुणी उत्तर देत नाही. टेबलावर एक नोंदवही असते. कुणाचा अर्ज कोणत्या टप्प्यावर, किती दिवस, कोणत्या कारणाने अडला, एवढंच, नाव-गाव न लिहिता. एकाच टप्प्यावर तीस अर्ज अडलेले दिसले की ती तीस मुलांची अडचण राहत नाही, ती व्यवस्थेची अडचण होते. मग दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, त्याचं उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. दाखल्यांसाठी 2015 चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते आणि ती टळली तर अपील करता येतं. ही कलमं वापरणारे विद्यार्थी दिसायला लागले की खिडकीपलीकडचा आवाज बदलतो, हे मी पाहिलं आहे. नोंदवही कंटाळवाणी आहे. माझ्या मते संघटनेची सगळ्यात मौल्यवान वस्तू तीच आहे. फ्लेक्स नाही.

तेव्हा टेबल की मोर्चा, असं मला वाटत नाही. टेबल चांगलं चाललं तर निवेदनात लिहायला काहीतरी असतं.

आता काही गोष्टी ज्यांवर सवलत नाही. मुलांच्या आधारचे, उत्पन्नाच्या दाखल्यांचे फोटो तुमच्या मोबाइलमध्ये राहता कामा नयेत. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर कधीच नाही. मी या धंद्यात असल्यामुळे सांगतो, माहिती गळते ती बहुधा कुणी हुशार हॅकर आला म्हणून नाही, तर कुणीतरी ‘नंतर डिलीट करतो’ म्हणाला म्हणून. ओटीपी मुलगा स्वतः वाचेल आणि स्वतः टाकेल. रोख पैसे हातात घ्यायचे नाहीत, चलन भरायलासुद्धा नाही.

एखादी मुलगी छळाची तक्रार घेऊन आली तर आपण चौकशी करत बसायचं नाही. दोघांना समोरासमोर बसवून ‘समझौता’ तर मुळीच करायचा नाही, मग तो मुलगा आपल्याच संघटनेतला का असेना. 2013 च्या कायद्याने महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते. तिला हवं असेल तर तिच्यासोबत तिथपर्यंत जायचं आणि तोंड बंद ठेवायचं. ‘समाजाची बदनामी होईल’ हे वाक्य या टेबलावर बोलायचं नाही. आणि एखादा मुलगा फॉर्मच्या निमित्ताने येऊन नुसताच बसून राहिला, जेवत नाही, झोप नाही म्हणाला, तर त्याला एकटं सोडू नका, पण डॉक्टरही होऊ नका. 14416 ही टेलिमानसची सरकारी मोफत सेवा आहे. नंबर टेबलावर चिकटवलेला असावा.

बैठकीच्या वेळेचंही बघा. संध्याकाळी साडेसातला बैठक ठेवली की वसतिगृहातल्या मुली आणि लांबून बसने येणाऱ्या मुली आपोआप गळतात आणि मग आपण म्हणतो, मुली पुढे येत नाहीत. यंदा बैठका दुपारी आहेत. नोंदवहीची आणि हिशोबाची जबाबदारी दोन मुलींकडे आहे, आणि ती चहाच्या कपांच्या जबाबदारीपेक्षा वेगळी आहे हे मुलांनी लक्षात घ्यावं. कप ज्याने प्यायला त्याने उचलायचा.

भाषेबद्दल एक. टेबलावर मराठी, उर्दू, दखनी, हिंदी सगळं चालेल. पण ‘उत्पन्नाचा दाखला’, ‘रहिवासी’, ‘वैधता’, ‘त्रुटी’, ‘परिपूर्ण प्रस्ताव’ हे कार्यालयाचे शब्द मुलांना मराठीतच शिकवा, कारण खिडकीवर तेच विचारले जाणार आहेत. अर्ज परत आला आणि त्यावर ‘त्रुटी पूर्तता’ असं लिहिलेलं दिसलं, तर उर्दू शाळेतून आलेला मुलगा ते ‘नामंजूर’ समजून गप्प बसतो. प्रत्यक्षात त्याला फक्त एक कागद जोडून पुन्हा पाठवायचा असतो. त्या एका शब्दावर कुणाचं वर्ष जाऊ नये.

नव्या स्वयंसेवकांचं प्रशिक्षण येत्या रविवारी सकाळी दहाला आहे. भाषण नाही. प्रत्येकाने स्वतःचं लॉगिन स्वतःच्या हाताने उघडायचं, आपल्या आधारची नोंद कोणत्या बँकेत आहे ते बघायचं आणि आपल्या सगळ्या कागदांवरचं नाव ताडून बघायचं. काहीजणांना तिथेच धक्का बसेल, तयारीने या. येताना घरातला सगळ्यात जुना कागद आणा. मूळ कागद नको, फोटो किंवा झेरॉक्स. दाखला असो, खरेदीखत असो, कुठली पावती असो, कुठल्याही लिपीत असो. घरी मिळत नसेल तर आज रात्री दादीला फोन लावा आणि पेटीच्या तळाशी काय आहे ते विचारा. मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक आणि जुनी उर्दू वाचणाऱ्या एक बाजी दुपारी दोनपर्यंत थांबणार आहेत.